मुलुंडची पावडर आणि लेबलाबाहेरच्या गोष्टी

१५ सप्टेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या एफडीएने, जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंड कारखान्याचा बेबी पावडर बनवण्याचा परवाना रद्द केला. पाच दिवसांनी उत्पादन आणि विक्री तातडीने थांबवण्याचा आदेशही निघाला. बातमी पसरली तशी अनेक घरांत आईने किंवा आजीने कपाटातला पांढरा डबा काढून मागचा बारीक मजकूर वाचायला घेतला. त्यात आक्षेपार्ह घटक शोधूनही सापडला नसता, कारण एफडीएची तक्रार कोणत्याही घटकाबद्दल नव्हती. पुणे आणि नाशिक इथून घेतलेल्या नमुन्यांच्या तपासणीत पावडरीचा पीएच ९.२८५ निघाला होता. लहान बाळांच्या पावडरीसाठी भारतीय मानक आयएस ५३३९ आहे आणि त्यात ही मर्यादा ५.५ ते ८ अशी आहे.

आकडे जवळजवळ दिसतात, पण पीएचचं माप साध्या फूटपट्टीसारखं नाही. त्यात एक अंक वाढला की अल्कधर्मीपणा दहापट होतो. त्यामुळे ८ आणि ९.२८५ यांच्यात सुमारे एकोणीस पटींचा फरक पडतो. टाल्क हे खनिज मुळातच अल्कलीकडे झुकणारं आहे, म्हणून पावडर बनवणाऱ्याला याकडे दर बॅचला लक्ष द्यावं लागतं. अंगाच्या नेहमीच्या साबणाचा पीएचही ९ ते १० च्या घरात असतो, मग पावडरीवरच एवढा कटाक्ष का, असा प्रश्न कोणालाही पडेल. साबण मिनिटभरात धुऊन जातो. पावडर मानेच्या घड्यांत, काखेत, जांघेत तासन् तास बसते, आणि मुंबईच्या दमट हवेत ती तिथे कोरडी राहत नाही, घामात कालवली जाते.

बाळाच्या त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो. जन्मतः पीएच ६ च्या वर असतो आणि पहिल्या काही आठवड्यांत तो ५ च्या आसपास उतरतो. हे आम्लपण म्हणजे त्वचेचं संरक्षण आहे. ते कमी झालं की त्वचेतला ओलावा लवकर निघून जातो आणि जंतूंना वाव मिळतो. लंगोटाच्या जागी तर आधीच लघवीतून अमोनिया तयार होऊन पीएच वर चढलेला असतो. अशा वातावरणात शीमधले पाचक रस जास्त जोमाने काम करतात आणि कातडी सोलवटते. ज्याला आपण डायपर रॅश म्हणतो, त्याचं हे एक मुख्य कारण. त्यात अल्कधर्मी पावडर घालणं म्हणजे त्रासात भर घालणं आहे.

आता या प्रकरणाचा पुढचा भाग. कंपनीने सरकारी विश्लेषकाचा अहवाल मान्य केला नाही, म्हणून नमुना कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे गेला. तिथेही पीएच मानकात बसत नसल्याचाच निष्कर्ष आला. परवाना रद्द झाल्यावर कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने ताजे नमुने घेऊन दोन सरकारी आणि एका खासगी प्रयोगशाळेत तपासायला सांगितलं. उत्पादन करायचं तर स्वतःच्या जोखमीवर करा, विक्री मात्र नको, असं कंपनीला बजावलं. नवे नमुने मानकात बसले. ११ जानेवारी २०२३ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांच्या खंडपीठाने एफडीएचे आदेश रद्द केले. मुंगी मारायला हातोडा वापरता येत नाही, अशा आशयाचं निरीक्षण न्यायालयाने नोंदवलं आणि प्रशासनाच्या दिरंगाईवरही बोट ठेवलं.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त खुपते ती दिरंगाईच. नमुना घेतला होता डिसेंबर २०१८ मध्ये आणि आदेश निघाला सप्टेंबर २०२२ मध्ये. त्या डब्यांतली पावडर ज्या बाळांच्या अंगाला लागली, ती तोवर शाळेत जायला लागली होती. नमुना सदोष होता असं धरलं तर त्या मुलांना या कारवाईचा काहीच उपयोग झाला नाही. तो सदोष नव्हता असं धरलं तर जवळजवळ चार वर्षांनी कारखाना बंद करण्याला अर्थ उरत नाही. दोन्हीकडून विचार केला तरी उशीर हाच दोष निघतो.

याच कारखान्यावर एफडीएने मार्च २०१३ मध्येही परवाना रद्द करण्याचा आदेश काढला होता, २४ जूनपासून लागू होणारा. कारण होतं २००७ मधल्या पंधरा बॅचेस. त्या निर्जंतुक करण्यासाठी इथिलीन ऑक्साइड वायू वापरला गेला होता. एरवी हे काम वाफेने होत असे, आणि या दुसऱ्या पद्धतीची मंजुरी घेतलेली नव्हती. इथिलीन ऑक्साइड उपयोगी वायू आहे. रुग्णालयातली कितीतरी उपकरणं त्यानेच निर्जंतुक होतात. पण तो माणसात कर्करोग घडवू शकतो हे सिद्ध झालेलं आहे, त्यामुळे वापरानंतर तो वस्तूतून पूर्ण निघून गेला का, हे तपासणं अत्यावश्यक असतं. ती अवशेषांची तपासणी झाली नव्हती, असा एफडीएचा आक्षेप होता. या पावडरीची मुदत २०१० मध्येच संपली होती. इथेही कारवाई झाली तेव्हा पावडर वापरून संपून गेली होती.

इथिलीन ऑक्साइड हा पावडरीचा घटक नाही. तो आला तर प्रक्रियेतून येतो, लेबलवर येत नाही. टाल्कमधल्या अॅस्बेस्टॉसचंही तसंच. ही दोन्ही खनिजं जमिनीत अनेकदा शेजारी-शेजारी सापडतात, म्हणून खाण कोणती निवडली आणि माल कसा तपासला यावर सगळं अवलंबून असतं. डिसेंबर २०१८ मध्ये रॉयटर्सने या विषयावर मोठा वृत्तान्त छापला, त्यानंतर भारतीय औषध निरीक्षकांनी मुलुंड आणि हिमाचल प्रदेशातल्या बद्दी इथल्या कारखान्यांतून नमुने घेतले. सरकारी तपासणीत अॅस्बेस्टॉस आढळलं नाही आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये थांबलेलं उत्पादन पुन्हा सुरू झालं. पुढे कंपनीने अमेरिका व कॅनडात २०२० मध्ये टाल्कची बेबी पावडर थांबवली आणि २०२३ पासून जगभर मक्याच्या स्टार्चवर जाण्याचं जाहीर केलं. जुलै २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टाल्कला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं.

लेबलाबाहेरच्या गोष्टी किती भयंकर ठरू शकतात, याचं सर्वांत दुःखद उदाहरण फ्रान्समधलं आहे. १९७२ मध्ये तिथल्या मोरांज नावाच्या बाळांच्या पावडरीत हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक चुकून सुमारे ६ टक्के मिसळलं गेलं. छत्तीस मुलं दगावली. डब्यावर वाचण्यासारखं काहीही नव्हतं.

बाळाच्या बाबतीत एवढी काळजी का, याचं एक कारण साध्या गणितात आहे. शरीर लहान तशी वजनाच्या मानाने त्वचा जास्त. नवजात बाळाच्या दर किलो वजनामागे मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक त्वचा असते आणि दोन वर्षांच्या मुलाला सुमारे पावणेदोन पट. अंगभर लावलेली तीच वस्तू बाळाच्या वाट्याला अधिक येते. शिवाय हात तोंडात जातो, डोळ्यांत जातो. पावडर उधळली तर ती श्वासातही जाते. टाल्क असो की स्टार्च, बारीक भुकटी बाळाच्या फुफ्फुसात जाणं चांगलं नाही, म्हणून बालरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं पावडर टाळायला सांगत आले आहेत. माझंही मत तेच आहे. घामोळ्यांवर साध्या पाण्याची आंघोळ, नीट टिपलेलं अंग आणि सैल सुती झबलं पुरतं. कुणाला पावडर सोडवतच नसेल तर ती बाळापासून लांब, आधी स्वतःच्या तळहातावर घ्यावी आणि मग हलकेच लावावी. डबा बाळावर पालथा करू नये.

मग लेबल वाचायचंच नाही का? वाचायचं, पण ते काय सांगतं आणि काय सांगत नाही हे कळून वाचायचं. आपल्या नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर येतात आणि ते कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. म्हणून शाम्पूच्या बाटलीवर पहिलं नाव पाण्याचं आणि पुढची दोन-तीन फेस करणाऱ्या द्रव्यांची असतात. बाटलीवर मोठ्या अक्षरांत मिरवणारं बदाम तेल किंवा कोरफड यादीत अगदी शेवटी, सुगंधाच्याही मागे सापडलं, तर ते नावापुरतंच आहे असं समजायला हरकत नाही.

याच नियमात एक सवलत आहे, आणि ती आपल्या बारशांशी थेट जोडलेली आहे. साठ मिलीलीटरपेक्षा कमी द्रव पदार्थ आणि तीस ग्रॅमपेक्षा कमी घन पदार्थ असलेल्या पॅकवर घटकांची यादी छापणं बंधनकारक नाही. बारशाला निळ्या-गुलाबी कागदात गुंडाळून येणाऱ्या भेटीच्या खोक्यांत अनेकदा याच छोट्या बाटल्या असतात. नवजात बाळाच्या अंगाला पहिल्यांदा जे लागतं, त्याच्यावरच कधीकधी यादी नसते. अशी बाटली बाजूला ठेवावी किंवा त्याच वस्तूच्या मोठ्या बाटलीवर यादी वाचून मग उघडावी.

यादीत कोणत्या नावांशी थांबायचं? फेस करणाऱ्या द्रव्यांत सोडियम लॉरिल सल्फेट हे त्वचेला अधिक झोंबणारं. त्याचंच थोडं सौम्य भावंड सोडियम लॉरेथ सल्फेट. ते बनवताना १,४-डायऑक्झेन नावाचं द्रव्य अवशेष म्हणून राहू शकतं. शुद्धीकरण करून ते काढता येतं, आणि युरोपच्या वैज्ञानिक समितीने तयार मालात दहा लाखात दहा भागांपर्यंतचा अवशेष सुरक्षित मानला आहे. पण लेबलवर ‘लॉरेथ’ दिसेल, डायऑक्झेन किती राहिलं ते दिसणार नाही. बाळांच्या शाम्पूत शक्यतो कोकामिडोप्रोपिल बीटेन, डेसिल ग्लुकोसाइड किंवा कोको ग्लुकोसाइड अशी सौम्य द्रव्यं पुढे असावीत. डोळ्यांना न झोंबणारे शाम्पू १९५० च्या दशकात अशाच सौम्य द्रव्यांच्या मिश्रणातून निघाले. त्यांच्यात डोळा बधिर करणारं औषध असतं, अशी समजूत बऱ्याच घरांत आहे, ती खरी नाही.

त्यानंतर येतात टिकाऊपणासाठीची द्रव्यं, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण भीती सगळ्यांत जास्त याच ठिकाणी पसरवली जाते. क्वाटर्नियम-१५, डीएमडीएम हायडँटॉइन, इमिडॅझोलिडिनिल युरिया, डायझोलिडिनिल युरिया ही द्रव्यं हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडतात आणि त्यावरच जंतू मारतात. बाळाच्या वस्तूत ती नकोत, एवढं ठामपणे म्हणता येतं, कारण पर्याय आहेत. मार्च २०१९ मध्ये राजस्थानच्या औषध नियंत्रकांनी जॉन्सनच्या बेबी शाम्पूच्या दोन बॅचेसमध्ये फॉर्मल्डिहाइड आढळल्याचं सांगितलं आणि पुढे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राज्यांना विक्री थांबवायला कळवलं. आम्ही फॉर्मल्डिहाइड घालत नाही, ते सोडणारी द्रव्यंही वापरत नाही आणि चाचणी कोणत्या पद्धतीने केली हेच स्पष्ट नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. पुन्हा तोच पेच. यादी एक सांगते, प्रयोगशाळा दुसरं, आणि आईबापांना दोन्हीच्या मध्ये उभं राहावं लागतं.

मिथाइलआयसोथायझोलिनोन आणि त्याचं क्लोरीनवालं भावंड ही ॲलर्जीची नेहमीची कारणं. युरोपने त्वचेवर राहणाऱ्या वस्तूंत त्यांना बंदी घातली आहे. पॅराबेनबद्दल मात्र सरसकट घाबरू नये. युरोपने तीन वर्षांखालच्या मुलांच्या लंगोटाच्या जागी लावायच्या वस्तूंतून प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेन २०१४ मध्ये काढून टाकले, मिथाइल आणि इथाइल ठेवले. हा भेद लक्षात घेण्यासारखा आहे.

‘प्रिझर्व्हेटिव्ह-मुक्त’ ही जाहिरात मला मुंबईत तरी धोक्याची वाटते. जुलै महिन्यात घाटकोपर-मुलुंडच्या न्हाणीघरात भिंतीला बुरशी येते. पाणी असलेलं लोशन किंवा शाम्पू टिकाऊ द्रव्याशिवाय तिथे ठेवला तर त्यात जंतू वाढणारच, आणि कोवळ्या कातडीला ते अधिक घातक. टिकाऊ द्रव्य नको असेल तर पाणीच नसलेली वस्तू, म्हणजे साधं तेल, घ्यावी.

तेलाबद्दल घरोघरी अनुभव आहे आणि तो बऱ्याच अंशी बरोबर आहे. अंगाला आणि टाळू भरायला शुद्ध खोबरेल तेल चांगलं. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सच्या त्वचेविषयीच्या मार्गदर्शनातही खोबरेल तेलाला पसंती आहे आणि मोहरीचं तेल टाळायला सांगितलं आहे, कारण ते त्वचेला दाहक ठरतं. मालिशवाल्या मावशी तेल नाकात-कानात सोडत असतील तर मात्र त्यांना नम्रपणे थांबवावं, ते फुफ्फुसात उतरू शकतं.

घरगुती म्हणजे निर्धोक, हेही खरं नाही. सर्दीसाठी खोबरेल तेलात कापूर उकळून छातीला चोळण्याची पद्धत आपल्याकडे आहे. कापूर त्वचेतूनही शोषला जातो आणि लहान मुलांना त्याने झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालच्या मुलाजवळ तो नकोच, आणि कापराच्या वड्यांचा डबा त्याच्या हाताला लागणार नाही अशाच जागी असावा. बोरिक पावडरही तशीच. आजीच्या काळात ती लंगोटाखाली टाकत, पण खरचटलेल्या कातडीतून शोषली गेली की ती विषारी ठरते. रिठ्याचा फेस निसर्गाचा असला तरी डोळ्यांत गेला की चांगलाच झोंबतो. काजळात आणि सुरम्यात शिसं असण्याचा धोका असतो, म्हणून डोळ्यांत काजळ घालणं थांबवावं. तीट कपाळावर किंवा गालावर लावायला हरकत नाही. डाळीचं पीठ आणि साय यांचं उटणं तेवढ्यापुरतं कालवलेलं ठीक, उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नये.

‘नैसर्गिक’, ‘सौम्य’, ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेलं’, ‘ॲलर्जी न करणारं’ हे शब्द बाटलीच्या पुढच्या बाजूला असतात. त्यांच्यामागे सर्वांना बंधनकारक अशी एकच ठरलेली सरकारी चाचणी नसते. किती मुलांवर तपासलं, कोणी तपासलं, निकाल काय आला, हे त्या शब्दांवरून कळत नाही. तीन वर्षांखालच्या मुलासाठी मी सुगंध नसलेली वस्तू निवडेन, कारण लेबलवर ‘सुगंध’ या एका शब्दाआड पन्नास द्रव्यं मावू शकतात. आणि वस्तूंची संख्याच कमी ठेवेन. एक सौम्य, साबणविरहित धुण्याचं द्रव, तेच अंगाला आणि तेच केसांना, आणि एक तेल. रोज डोकं शाम्पूने धुण्याचीही गरज नसते.

बाटलीच्या मागे आणखी काही आकडे असतात, आणि मुलुंडच्या प्रकरणाने त्यांचं मोल दाखवलं. बॅच नंबर, उत्पादन परवाना क्रमांक, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि वापराची अंतिम तारीख. एफडीएची कारवाई, न्यायालयाचा आदेश, प्रयोगशाळेचा अहवाल, सगळं बॅच नंबराशी बांधलेलं असतं. अंधेरी-बोरिवलीच्या स्टेशनबाहेर हातगाडीवर मिळणाऱ्या किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात विकल्या जाणाऱ्या घरगुती ‘हर्बल बेबी शाम्पू’वर यातलं काहीच नसेल, तर बिघाड झाल्यावर शोधायचं कोणाला? अशी वस्तू बाळासाठी घेऊ नये. बाकीच्या बाटल्यांचे मागचे मजकूर उघडताना फोनवर टिपून ठेवावेत आणि बिलही ठेवावं.

अंगावर पुरळ उठलं, डोळे सुजले, केस झडले तर वस्तू थांबवावी, बाळाला डॉक्टरांना दाखवावं आणि उरलेली बाटली फेकून न देता तशीच बंद करून ठेवावी. एफडीएचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे आणि टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५ आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवता येते. शिवाय औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या कलम २६ ची माहिती फार थोड्यांना असते. विकत घेतलेली वस्तू सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊन त्याचा सही केलेला अहवाल मागण्याचा हक्क हे कलम ठरलेलं शुल्क भरणाऱ्या कोणत्याही ग्राहकाला किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेला देतं. अर्ज करताना विचारायचं ते नेमकं विचारावं. बाळाच्या पावडरीचा पीएच आयएस ५३३९ मध्ये बसतो का, शाम्पूत फॉर्मल्डिहाइड आहे का, आणि चाचणी कोणत्या पद्धतीने केली. हा तिसरा प्रश्न वगळू नये, कारण राजस्थानच्या प्रकरणात वाद नेमका तिथेच अडकला होता.